कारणवाले अण्णा

येरमाळ्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला बार्शी-कळंब रस्ता मिळतो. तिथं दिवसभर काही ना काही चुकलेली माणसं उभी असतात. कुणाची एसटी चुकलेली, कुणाची कोर्टातली तारीख, कुणाचा नुसताच अंदाज. अण्णांचं मात्र हयातीत काही चुकलेलं नाही. एसटी निघून गेली तर ती ‘टायमाच्या आधी आली’, आणि बरंच झालं, कारण तिच्यात बसायला जागा नव्हती. जागा नव्हती हे रिकाम्या स्टँडावरून कसं दिसलं, असं विचारायचं नसतं.

हे अण्णा म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. चौकातल्या दर हॉटेलात एक असतात. कुठं त्यांना बापू म्हणतात, कुठं तात्या. पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर, हातात अर्धा कप चहा. उरलेला अर्धा समोरच्याने घेतलेला असतो आणि पैसेही त्यानेच दिलेले असतात. ‘त्याचं मन मोडाया नको’ हे त्याचं कारण.

सोयाबीनचंच बघा. 2024च्या हंगामात सरकारी हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. हमीभावानं घालायचं तर खरेदी केंद्रावर आधी नोंदणी करावी लागते. अण्णांनी ती केली नाही आणि माल व्यापाऱ्याला घालून मोकळे झाले. दिवाळीला जावई आले. त्यांनी साध्या मनाने विचारलं, “मामा, नोंदणी केली नाही का?”

अण्णांनी मांडी बदलली. “जावईबापू, तितं वलावा मोजत्यात. बारा टक्क्याच्या वर गेला की माल म्हागारी. गाडीभाडं कोन देनार?”

“पण आपला माल तर वाळलेला होता.”

“वाळलेला हाय म्हनूनच तर! वजनात मार बसला आस्ता.”

“वजन तर इथंही तेवढंच भरलं असेल ना?”

“आन् तितं बारदाना न्हाई. पेपरात आलतं.”

पेपरात आलं होतं हे खरं. अण्णांच्या कारणांत असा एक खरा खडा असतोच, त्यामुळे सगळी ओंजळ खरी वाटते. आतून काकूंचा आवाज आला, “नोंदनीच्या दिशी हे पाव्हण्याच्या लग्नाला गेलते. जेवले आन् मांडवातच झोपले.” अण्णा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “झोपलो न्हवतो. इचार करत होतो, नोंदनी करावी का न्हाई.”

तुम्ही म्हणाल, हा सरळ लबाड माणूस. तसं नाही. लबाडाला खरं काय ते ठाऊक असतं, आणि ते लपवण्याचे कष्ट त्याला पडतात. अण्णांना असले कष्ट नाहीत. फ्रॉइडचा चेला अर्नेस्ट जोन्स याने 1908 साली माणसाच्या याच खोडीवर निबंध वाचला आणि तिला ‘रॅशनलायझेशन’ म्हटलं. त्याचा मथितार्थ असा, की माणूस आधी करून बसतो, कारण मागाहून शोधतो, आणि ते पहिल्यापासून होतंच अशी स्वतःची समजूत घालतो. नववीच्या बीजगणितात पोरं ‘छेदाचं परिमेयीकरण’ करतात तेही इंग्रजीत याच नावाचं. खाली अडचण करणारं वर्गमूळ अंशात नेऊन बसवायचं. मांडणी देखणी होते, किंमत होती तेवढीच राहते. अण्णा नववीपर्यंत गेले नाहीत, पण रीत त्यांना तोंडपाठ आहे. (नववीपर्यंत न जाण्याचंही कारण आहे. ते ऐकायला एक अख्खी दुपार लागते.) हाच शब्द घेऊन मुंबईचे गिरणीमालक एका विणकराला दोनाऐवजी तीन माग सांभाळायला लावू पाहत होते, तेव्हा 1928 साली दीड लाखाच्या आसपास कामगारांनी सहा महिने संप केला. अण्णांच्या घरात संप करायला काकू एकट्या.

डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगून रोज चालायला लावलं. काकूंनी सुचवलं, दर मंगळवारी येडेश्वरीचा डोंगर चढा, दर्शन होईल आणि चालणंही. यावर अण्णांनी जे उत्तर दिलं त्याला मी आजवरच्या कारणांत पहिला नंबर देतो. “चैती पुनवंच्या दुसऱ्या दिशी पालखी आमराईत येती का न्हाई? लाखानं मानसं चुनखडी येचाया येत्यात का न्हाई? आई स्वता खाली येती. तिला आपल्या गुडघ्याचा इचार हाय. आपुन वर जायाचं म्हंजे तिच्यावर इस्वास न्हाई आसं व्हतंय.”

“चैताला आजून आठ म्हैने हायती,” काकू म्हणाल्या.

“तवर पथ्य करतो,” अण्णा म्हणाले, आणि ताटातला पेढा उचलला. खवा दुधाचा असतो, आणि दूध डॉक्टरांनी बंद केलेलं नव्हतं.

येडाईची कथा इथं पोरासोरांना माहीत आहे. सीतेच्या शोधात वणवण करणाऱ्या रामाची परीक्षा घ्यायला पार्वती सीतेचं रूप घेऊन आली, रामानं तिला ओळखलं आणि ‘वेडी आहेस’ म्हणाला, ती येडाई. काकूंचं काम रोज तेच आहे. आळस भक्तीचं रूप घेऊन येतो, विसराळूपणा हिशेबीपणाचं, आणि काकू चुलीपुढून मान न वळवता ओळखतात.

दुसऱ्याच्या बाबतीत मात्र अण्णांना इतकी कारणं सुचत नाहीत, एकच सुचतं. शेजाऱ्याचं सोयाबीन पिवळं पडलं तर आळस, पुतण्या नापास झाला तर आळस. स्वतःचा मुलगा नापास झाला तेव्हा मात्र थेट दिल्ली निघाली. देशातल्या मागास जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून यादी 2018 साली निघाली, तिच्यात आपला जिल्हा आहे. “केंद्र सरकारनंच लिवून दिलंय, त्याला पोरगं काय करनार?”

आणि इथंच अण्णांना हसताना जरा जपावं लागतं. या मुलखात खरी कारणंही कमी नाहीत. पाऊस दगा देतो, भाव पडतो, विम्याचे पैसे अडकतात. नापिकीचं एक कारण सांगा म्हटलं तर माणूस खरी चार सांगेल. त्या चारांत अण्णांचं पाचवं सहज मिसळून जातं, आणि तपासणारा अधिकारीही वेगळं काढू शकत नाही. पाटपाण्याच्या सुखी गावात अण्णा दोन दिवसांत उघडे पडले असते.

कधी येरमाळ्याला उतरलात तर त्यांच्याजवळ जरूर बसा. भाव विचारा, पाऊस विचारा, देवीची कथा विचारा. फक्त ‘मग तुम्ही का नाही केलं?’ एवढं विचारू नका. विचारलंच, तर चहाचे पैसे तुम्हीच द्यायचे आहेत.