तीस अक्षरांचे पंडित

संगीतातलं मला काही कळत नाही, असं मी चारचौघांत नेहमी म्हणतो. समोरच्यानं घाईघाईनं "छे, छे! तुम्हाला नाही तर कुणाला कळणार?" असं म्हणावं, एवढीच त्यामागची अपेक्षा. तानसेन होणं जमलं नाही की मराठी माणूस कानसेन होतो. त्याला ना गुरू लागतो ना रियाज. मैफलीत तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसावं, समेच्या जरा आधी डोळे मिटावेत आणि थोर गवयाचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावावा. हे शेवटचं मला फार छान जमतं. आरशात पाहून बसवलेलं आहे.

2009 च्या दिवाळीत एमपीथ्री प्लेअर घ्यायचं ठरलं तेव्हा मुलीचं म्हणणं होतं की घ्यायचा तर आयपॉडच घ्या. 2001 साली तो पहिल्यांदा आला, तेव्हा खिशात हजार गाणी, अशी त्याची जाहिरात होती. किंमत ऐकून मी म्हटलं, "हजार गाण्यांचा माणूस मी नव्हे. मी चार रागांवर जन्म काढणारा." ऐपतीचा प्रश्न तत्त्वाचा करून टाकण्यात आम्हा पुणेकरांचा हात कुणी धरू शकत नाही.

मग तपकीर गल्ली. काउंटरवरच्या पोरानं काडेपेटीएवढी एक वस्तू पुढे सरकवली. "काका, दोन जीबी. पाचशे गाणी बसतात."

"माझं एक गाणं पन्नास मिनिटांचं असतं."

"मग चाळीस," तो क्षणात म्हणाला. कॅल्क्युलेटरला हात न लावता. मला उगाच वाटलं की पुढचं वाक्य "एवढं ऐकतं कोण?" हे असणार, पण तो सभ्य होता.

"यात फ्लॅक चालतं का?" मी आवाज जरा चढवून विचारलं. शेजारचं गिऱ्हाईक वळून बघेल इतपत. फ्लॅक म्हणजे गाण्यातलं काही न गाळणारी फाईल.

"ब्लॅक आहे ना. सिल्व्हर पण आहे."

मी काळा घेतला. खोक्यावर 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ असं छापलेलं होतं, ते वाचून मी समाधानानं मान डोलावली. त्याच वर्षी ऑफिसच्या तपासणीत एका बाईंनी माझ्या कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बोट वर करा, असं सांगितलं होतं. वरच्या पट्टीतल्या आवाजांना माझं बोट मांडीवरच राहिलं. मला वाटलं, मशीन बंद पडलं. पण 20 किलोहर्ट्झपर्यंतचा प्लेअर खिशात असणं वेगळं आणि ते ऐकू येणं वेगळं. "पोळ्या झाल्यात" ही स्वयंपाकघरातली हाक मला ऐकू येत नाही, हा मुद्दा बायकोनं मध्ये आणला. तो सर्वस्वी अप्रस्तुत होता.

एमपीथ्री म्हणजे काय, हे मी दरम्यान वाचून काढलं आणि हादरलो. सीडीवर सेकंदाला 1411 किलोबिट असतात, ते 128 वर आणायचे. म्हणजे अकरातले दहा भाग फेकून द्यायचे! काय फेकायचं, याचा हिशेबही पक्का: मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला जाणवत नाही, तर तो ठेवायचाच कशाला? म्हणजे पहिली गदा तंबोऱ्यावर येणार, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली. प्रत्यक्षात तंबोरा शाबूत ऐकू आला. मला तो गेल्याचं जाणवणारच नाही अशी एमपीथ्रीवाल्यांची योजना असेल, तर मात्र बोलणंच खुंटलं.

प्लेअर संगणकाला जोडणं मुलीच्या मते दोन मिनिटांचं काम होतं. पुढचं यूएसबीचं भोक आमच्याकडे कधीचंच मेलेलं, मागचं टेबलाखाली. मी पालथा पडून वायर लावायची आणि वरून मुलीनं सांगायचं, "नाही आलं, बाबा." मग एकदाचं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात नवीन यंत्र सापडल्याचं वर्तमान झळकलं. गाणी भरली, आणि ऐकायला बसलो तर आधी द्रुत, मग विलंबित. ताकभातानं सुरुवात करून वरणभातावर उठावं, तसं. हा स्वस्तातला प्लेअर नावाप्रमाणे किंवा क्रमांकाप्रमाणे वाजवत नसे; ज्या क्रमानं फायली आत गेल्या, त्याच क्रमानं बाहेर काढायचा. म्हणून सगळं पुसून, एकेक फाईल हातानं, विलंबित आधी, अशी नव्यानं भरायची. 'शफल' नावाचं बटण तर मी चिकटपट्टी लावून बंदच केलं. त्यानं दुसऱ्याच नंबरला भैरवी लावली होती आणि मी सवयीनं उठून चपला शोधायला लागलो होतो.

कॅसेटींचं काम निराळं. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागेतून वायर काढून संगणकाच्या मागच्या निळ्या भोकात घालायची; गुलाबीत नाही, ते माईकचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतात, त्याला इलाज नाही. रेकॉर्डिंगच्या यादीत 'स्टिरिओ मिक्स' निवडलेलं असेल तर संगणक स्वतःच्या पोटातले आवाजही त्यात मिसळतो. एका विलंबित एकतालात त्याची 'टुंग' अशी पडली आहे की काय सांगू! बरोबर समेवर. एका जाणत्या स्नेह्यांनी तिला दाद दिली. मी ती पुसलेली नाही.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. गाणं भरलं की त्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव वगैरे पडद्यावर दिसावं लागतं. ही माहिती फाईलमध्येच असते. 1996 साली एरिक केम्प नावाच्या गृहस्थानं युक्ती काढली की फाईलच्या अगदी शेवटी 128 बाइटांची एक चिठ्ठी चिकटवायची. शीर्षकाला तीस अक्षरं, कलाकाराला तीस, अल्बमला तीस, सालाला चार, टिप्पणीला तीस आणि प्रकाराला एक आकडा. खूण म्हणून सुरुवातीची तीन. झाले 128. अक्षरं रोमन. देवनागरीत लिहून पाहिलं, तर माझ्या प्लेअरनं ओळीनं चौकोन दाखवले.

चिठ्ठी शेवटी, हे मला फार आवडलं, कारण गायिका गौहरजाननं तेच केलं होतं. 1902 साली कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गनं तिच्या तबकड्या भरून घेतल्या. तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल आटोपायचा आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगायचं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना कुणाची कुठली, हे कळावं म्हणून. पण बाईचा तो ठसका ऐकून कुणाही कारकुनाला ही निव्वळ नोंदणी वाटणार नाही.

केम्पसाहेबांच्या वेळी प्रकार होते ऐंशी. पोल्का होता, ख्रिश्चन रॅप होता, अ‍ॅसिड जॅझ होता. ख्याल नाही, अभंग नाही, नाट्यगीत नाही, भावगीत नाही. नाट्यगीतं मी 'म्युझिकल'मध्ये कोंबली. लावणीला जवळचं म्हणून 'कॅबरे' सुचत होतं, पण फडावरची मंडळी घरापर्यंत येतील या भीतीनं तो विचार सोडला. शून्य क्रमांकावर 'ब्लूज'. त्यामुळे काहीच न ठरवता सोडलेल्या फायली पुष्कळदा ब्लूज होऊन बसतात. आमच्याकडे सगळा हरिपाठ बराच काळ ब्लूज होता.

आणि कलाकाराची तीस अक्षरं! मी कानाची पाळी धरणारा माणूस. 'पंडित' गाळायला हात धजेना. त्यातून नुकतंच भारतरत्न मिळालेलं, तेही सोडणं बरं दिसेना. रोमनमध्ये 'भारतरत्न पंडित भीमसेन जोशी' लिहिलं, तर भरली बत्तीस. यंत्रानं शेवटची दोन कापली आणि पडद्यावर आलं, भारतरत्न पंडित भीमसेन जोस. किराणा घराण्याचे पंडितजी माझ्या खिशात एका रात्रीत मडगावचे झाले. 'पंडित' गाळलं की 'जोशी' पुरे होतात, हे मुलगी सांगून थकली. तिला परंपरा म्हणजे काय ते ठाऊक नाही. शिवाय बाकीचे सगळेच 'पंडित' असल्यानं यादीत भारतरत्न तेवढे 'बी'खाली, ते सगळे 'पी'खाली, उरलेले उस्ताद 'यू'खाली. बाकीची तेवीस अक्षरं ओस.

असं हसतखेळत चाललं होतं, तोवर मामांची कॅसेट हाती आली.

मामा दिवसा पोस्टात आणि संध्याकाळी पेटीवर. गाणाऱ्या बाईंचं नाव फार नव्हतं, कंपनीही गावातलीच. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर, तळाशी, मुंगीएवढ्या टायपात 'संवादिनी' आणि पुढे मामांचं नाव. आडनावातली वेलांटी चुकलेली. मामांनी नातेवाइकांत वाटलेल्या प्रत्येक कॅसेटवर ती निळ्या बॉलपेनानं सुधारली होती. माझ्या प्रतीत शाई जरा फिसकटली आहे. म्हणजे ती त्यांनी घाईत, बहुधा उभ्या उभ्या केली असावी.

चिठ्ठीत मामांना रकाना नाही. कलाकार एकच. तबल्यालाही नाही, आणि तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीला तर नाहीच. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या 128 बाइटांचा मनापासून राग आला. बाई आलाप घेताना जिथे श्वास घेतात, तिथे मामांची पेटी त्यांचा सूर धरून ठेवते; तेवढी अर्धी ओळ ऐकायलाच आमचं घर ती कॅसेट लावायचं. अखेर 'टिप्पणी'त हार्मोनियम असं लिहून पुढे त्यांचं नाव घातलं. वेलांटी रोमनमध्ये बरोबर-चूक काहीच होत नाही, हीही एक सोय. पण टिप्पणी माझ्या प्लेअरच्या पडद्यावर दिसत नाही. नाव आत आहे, एवढंच.

या चिठ्ठीची पुढची आवृत्ती 1998 मध्ये आली. रकाने वाढले, साथीदारांची यादी लिहायचीही सोय झाली. ती यादी दाखवणारा प्लेअर मात्र माझ्या पाहण्यात आला नाही. 2022 मध्ये आयपॉडचं उत्पादनही थांबलं. आता गाणी फोनवर येतात, आणि तबलजीचं नाव शोधायला तिथेही अनेकदा बोट दुखेपर्यंत पडदा सरकवावा लागतो.

म्हणून वाचकहो, एक विनंती. माळ्यावरच्या कॅसेटी रद्दीत काढण्याआधी आतला घडीचा कागद बाहेर काढा, चष्मा लावा आणि तळाची बारीक ओळ वहीत उतरवून घ्या. गायकाचं राहू द्या, ते सगळ्यांना ठाऊक असतं. तबला, संवादिनी, तंबोरा एवढं लिहा. आणि एखाद्या नावात कुणी पेनानं काही सुधारलेलं दिसलं, तर सुधारलेलंच लिहा.