भरकटण्याचे दोन भाव

मराठी पडद्यावर तरुणाने कसं भरकटावं, हे सातबाऱ्यावर ठरतं. २०१७ च्या ‘मुरांबा’तला आलोक भरकटतो, तेव्हा समजूत घालायला आईबाबा घरात हजर, प्रकार : हलकीफुलकी प्रेमकथा. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’मधला राहुल भरकटतो, कारण बापाची जमीन गेलेली, प्रकार : गुन्हेपट. २०२१ मध्ये त्याचा हिंदी ‘अंतिम’ झाला, सलमान खानसह. म्हणजे जमिनीपाठोपाठ मुळशीची गोष्टही बाहेरच्या मोठ्या पार्टीनेच उचलली.

१९२१ मध्ये याच मुळशी तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. आता त्याच धरणाकाठी शहरातली जोडपी प्री-वेडिंग शूट करतात. तालुक्याच्या वाट्याला प्रेमकथा येते ती एवढीच, लोकेशन म्हणून. इथल्या पोराला हिरो व्हायचं असेल, तर आधी एफआयआर लागतो.