नानांचा जावक क्रमांक

जूनच्या मध्यावर शाळा उघडते, पोरं आत पळतात, स्कूटरी पांगतात आणि फाटकापाशी एक गृहस्थ उरतात. खिशाला पेन, काखेत छत्री, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली नातवाची डायरी. हे नाना. आमचे डोंबिवलीचे असले तरी प्रत्येक वर्गाच्या नशिबी एक नाना असतोच. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणून तिथल्या बाईंना तो थोडा उशिरा लाभतो, इतकंच.

नाना मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीतून झाले, पत्रव्यवहारातून नाही. मुलगा-सून सकाळची लोकल पकडतात, शाळेचा निरोप रात्री जेवताना वाचतात आणि त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे होतात. नानांचा संताप होतो. "आमच्या आजीनं म्हातारपणी सही शिकून घेतली, आणि तुम्ही इंजिनिअर होऊन अंगठा उठवता?"

पहिल्या आठवड्यात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नानाही होते. बाईंनी लिहिलं, 'शुक्रवारी मुलांना पिवळे कपडे घालून पाठवा.' भराभर अंगठे पडले. नानांनी विचारलं, 'पावसामुळे पिवळा सदरा न वाळल्यास केशरी ग्राह्य धरावा किंवा कसे, याबाबत खुलासा व्हावा.' झालं! एकीनं केशरीच बरा म्हटलं, दुसरीनं पिवळा कुठे मिळतो ते विचारलं, तिसरीनं दुकानाचा पत्ता दिला आणि रात्री साडेअकराला कुणीतरी सत्यनारायणाचं आमंत्रण टाकलं. शनिवारपासून त्या ग्रुपवर फक्त बाईंनाच लिहिता येऊ लागलं.

मग नाना डायरीकडे वळले. पालकांच्या अभिप्रायासाठी तिथे चार ओळी असतात. चार ओळींत नानांचा 'महोदया'सुद्धा नीट बसत नाही, म्हणून ते पुरवणी टाचतात. बाईंनी लिहिलं होतं, 'डबा संपवत नाही.' दुसऱ्या दिवशी उत्तर हजर:

'विषय : इयत्ता दुसरीतील चिरंजीवांचा डबा अर्धवट परत येण्याबाबत. संदर्भ : आपली कालची नोंद. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर डबा घरी रिकामा प्राप्त होत आहे. तरी वस्तुस्थितीची खातरजमा करून अहवाल सादर व्हावा.'

खाली जावक क्रमांक, आणि 'प्रत माहितीस्तव : मुख्याध्यापिका'. तीन दिवसांत उत्तर न आल्यानं स्मरणपत्र क्रमांक एक.

शासननिर्णय तर नानांना मुखोद्गत. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा २०१५ चा नियम. म्हणून रोज सकाळी दप्तर हुकाच्या काट्याला टांगलं जातं. नातू एकवीस किलोचा, म्हणजे मुभा दोन किलो शंभर ग्रॅमची. काटा पुढे सरकला की पाण्याची बाटली ओतून कमी करतात, आणि पोरगं तहानलेलं पण नियमात शाळेला जातं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, हा २०२४ चा निर्णयही त्यांना पाठ आहे. पण त्याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. सव्वासातला नातवाला सोडून कट्ट्यावरचा चहा गाठायचा असतो. नियमाला माणुसकीची बाजू असते म्हणतात ती अशी.

पहिल्या पालकसभेत सगळे दुसरीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. बाई 'नमस्कार' म्हणतात न म्हणतात तोच नाना कसेबसे उभे राहिले. "आधी मागील सभेचं इतिवृत्त कायम करून घेऊ."

"आजोबा, ही पहिलीच सभा आहे."

"मग तशी नोंद घ्या."

पुढे त्यांनी शिक्षणहक्क कायदा काढला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात, वगैरे. विनाअनुदानित शाळेला ते कलम लागू नाही आणि ही शाळा विनाअनुदानित आहे, दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. पण पाठ असलेलं बोलायला मिळाल्याशिवाय माणसानं सभेला यायचं तरी कशाला?

खरं सांगायचं तर शाळेची सूचनापत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा अख्ख्या वर्गात हा एकच पालक. बाकीचे आदल्या रात्री दहाला एकमेकांना विचारतात, 'उद्या सुट्टी आहे का हो?'

ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो मात्र दुपारी घरी येतो.

"आज शाळेत काय झालं रे?"

"काही नाही."

नाना वहीत लिहितात : निरंक.

शेवटी डब्याचं प्रकरण बाईंनी फाटकातच निकालात काढलं. "आजोबा, डबा रिकामा येतो हे बरोबर आहे. पण तो दुधीची भाजी शेजारच्याला देतो आणि त्याची बटाट्याची खातो. आता शेजारच्याच्या आईची तक्रार आली आहे."

नाना विचारात पडले. संध्याकाळी त्यांनी फ्रिजच्या दारावर कागद लावला : 'सूनबाई, डब्यातील दुधीच्या वारंवारितेबाबत फेरविचारार्थ सादर.'

रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा खाली दोन ओळी वाढल्या होत्या.

'बाबा, प्रस्ताव मंजूर. उद्यापासून डब्याची भाजी आपण करावी.'