डाएटला चालतं का?

मराठी माणसाला डाएट शिकवायला निघालेले लोक पाहिले की मला त्यांची कीव येते. ज्या समाजानं पिढ्यान् पिढ्या एकादशी केली आणि तरी अंगावरचा एक तोळा कमी होऊ दिला नाही, त्याला तुम्ही काय शिकवणार? पथ्य कसं पाळावं आणि ते पाळताना पोटाची आबाळ कशी होऊ देऊ नये, या दोन्ही विद्यांत आपण आधीच पारंगत आहोत. 'हे उपासाला चालतं का?' असं विचारत आपण लहानाचे मोठे झालो. आता 'हे डाएटला चालतं का?' असं विचारतो. उत्तरही जुनंच आहे : चालतं, पण थोडंच घे. आणि थोडं म्हणजे किती, हे घेणाऱ्यानं ठरवायचं असतं.

उपासाच्या ताटाकडे कधी नीट पाहिलंय? साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो. कसावा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचाच. शेंगदाणा, मिरची, रताळं, सगळी त्याच बाजूची मंडळी. ज्याला आपण अगदी घरचा समजतो, तो राजगिरासुद्धा मूळचा अमेरिकेचाच. यातला बराचसा माल पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे उतरला. ज्ञानेश्वर माउलींच्या काळी एकादशीला साबुदाण्याची खिचडी नव्हती, कारण कोलंबस जन्मायलाच अजून दीडशे वर्षं होती. ताटात खरी देशी काय ती वरी, आणि तिच्याकडे घरातली पोरं सर्वांत शेवटी वळतात. सांगायचा मुद्दा असा की, सातासमुद्रापारचा खाऊ दिसला की त्याला चटकन पवित्र करून घेण्याची आपली परंपरा जुनी आहे. त्यामुळे क्विनोआ आला तेव्हा आपण गडबडलो नाही. तोही दक्षिण अमेरिकेतला आणि राजगिऱ्याच्याच भावकीतला. आज तो डाएटला चालतो, उद्या उपासाला चालेल, परवा त्याची खिचडी होऊन वर शेंगदाण्याचं कूट आणि तुपाची धार पडेल. संयुक्त राष्ट्रांनी २००८ साल बटाट्याचं, २०१३ क्विनोआचं आणि २०२३ भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं. बटाट्याचं वर्ष आपण त्याआधी कित्येक पिढ्या महिन्यातून दोनदा साजरं करत होतो, पण आपली कोणी दखल घेतली नाही.

काय चालतं आणि काय नाही, याचा निकाल पूर्वी आजी द्यायची. एका घरात कोथिंबीर चालायची, भिंतीपलीकडच्या घरात चालायची नाही. साध्या मिठाऐवजी सैंधव. कारण विचारायची सोय नव्हती. आता आजीच्या जागी जिमचा ट्रेनर, मोबाइलमधलं ॲप, पॉडकास्टवर तीन तास बोलणारा कोणीतरी गृहस्थ आणि फॅमिली ग्रुपवरची मावशी आली आहे. कारण विचारलं तर हे लोक कारण देतात. इतकं देतात की आजी बरी वाटते. सैंधव मात्र टिकलं. त्याचा रंग तेवढा ठळक झाला आणि ते काचेच्या गिरणीत जाऊन बसलं. मखाणाही दोन्हीकडे चालतो. उपासाच्या पक्षात त्याचं स्थान पक्कं होतंच, डाएटच्या पक्षातही त्याला मानाचं पद मिळालं, आणि दोन्ही ठिकाणी कोणी त्याला निष्ठेबद्दल विचारत नाही. महाराष्ट्रात हे आता खटकतही नाही.

मध्यंतरी आपल्याकडे दोन मोठे संप्रदाय झाले. डॉ. श्रीकांत जिचकारांचा धागा पकडून डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की, थोडं थोडं खा, ठरावीक अंतरानं खा, तुपाला घाबरू नका. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी असेल. पण लग्नाच्या पंगतीत अनुयायी समोरासमोर बसू लागले तेव्हा मला पानिपताची काळजी वाटली. ती व्यर्थ होती. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी बिनरक्ताचा तोडगा काढला. ते घरी दीक्षित पाळतात आणि ऑफिसात दिवेकर. घरी दोनदा पूर्ण ५५ मिनिटं, ऑफिसात दर दोन तासांनी थोडं थोडं. शिवाय रविवारी दोन्ही पंथांना साप्ताहिक सुट्टी. वजनाचं विचाराल तर काकांचा दोन्ही तज्ज्ञांवरचा विश्वास उडाला आहे.

रविवारी ही सगळी मंडळी हॉटेलात भेटतात. पुण्यात रविवारी सकाळी मिसळीच्या कुठल्याही बऱ्या हॉटेलाबाहेर जा. फुटपाथवर नाव लिहून घेणारा पोरगा, त्याच्याभोवती पाऊण तास ताटकळलेलं कुटुंब, आणि त्या कुटुंबाच्या मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं. टेबल मिळालं की चौकशी सुरू होते. 'तेल कमी करून मिळेल का?' वेटर म्हणतो, 'तर्री वेगळी देतो.' टेबलावर समाधान पसरतं. 'पावाऐवजी ब्राऊन ब्रेड आहे का?' आहे. आता तर वातावरणच सात्त्विक होतं. मग प्लेट येते. फरसाणावर रस्सा पडतो, चव बघितली जाते, आणि वेगळी ठेवलेली तर्री 'नुसती रंगापुरती' म्हणून अर्धी आत जाते. उरलेली अर्धी वाया जाऊ नये म्हणून जाते. सँपल पुन्हा मागवलं जातं, कारण ते फुकट असतं. फुकट रश्श्यात तेल असतं असं मानायला पुण्यात शास्त्राधार नाही. कोल्हापूरकर या फंदात पडत नाहीत. त्यांना कट म्हणजे कट. तिथं जाऊन 'तेल कमी' म्हणून बघा, मालक गल्ल्यावरून उठून तुमची प्रकृती विचारायला येईल.

मोठ्या साखळी हॉटेलांत आणखी गंमत आहे. ज्यांच्या दहा किंवा त्याहून जास्त शाखा आहेत, त्यांनी पदार्थाच्या नावापुढे कॅलरी छापाव्यात असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. गिऱ्हाइकानं आकडा बघावा, दचकावं आणि हलकं काही मागवावं, असा उदात्त हेतू. पण नियम करणाऱ्यांनी आमच्याकडचं गिऱ्हाईक बघितलेलं नसावं. मेन्यूकार्डावर किंमत आणि कॅलरी शेजारी शेजारी छापल्या की इथला माणूस भागाकार करतो. मागे एका टेबलावरचा संवाद मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. 'अगं, सॅलड साडेतीनशे रुपयांचं आणि कॅलरी दोनशेच. हा पास्ता बघ, चारशेत नऊशे!' मुलानं पास्ता मागवला. आईनं पोराच्या हिशेबाकडे कौतुकानं पाहिलं. सॅलडही आलं, वडिलांसाठी. ते त्यांनी पास्त्याबरोबर तोंडी लावलं.

पेयांच्या बाबतीत तर सरकारनंच मध्यंतरी आपली झोप उडवली. एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं की, दुधात घालायच्या त्या सगळ्या चॉकलेटी पावडरी 'हेल्थ ड्रिंक'च्या सदरातून काढून टाका, कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची काही चीजच नाही. कायदा होऊन अठरा वर्षं झाल्यावर ही गोष्ट कोणाच्या तरी लक्षात आली. म्हणजे एक अख्खी पिढी परीक्षेच्या सकाळी नाक दाबून जे प्यायली, ते कायद्याच्या लेखी गोड दूध होतं. त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत उसाच्या रसाचंही नाव घेतलं : १०० मिलिलिटरमध्ये १३ ते १५ ग्रॅम साखर, तेव्हा जपून. संस्थेचं बरोबरच आहे. पण सुजाण नागरिकानं त्यातून काय घेतलं? त्यानं रसवंतीची पायरी सोडली आणि कोल्ड प्रेस्ड ज्यूसच्या दुकानाची धरली. रसवंतीत निदान चरकाला घुंगरू होते, आलं-लिंबू डोळ्यांदेखत पडायचं आणि भिंतीवरून कानिफनाथ तुमच्यावर लक्ष ठेवायचे. इथं काचेच्या बाटलीत चार फळांचा रस येतो. चघळायचं ते सगळं गाळून फेकलेलं, साखर ती सगळी बाटलीत. बाटली मात्र परत करावी लागत नाही, म्हणून तिच्यात घरी मनी प्लांट लागतो. हिरवं काही पोटात गेलं की नाही माहीत नाही, खिडकीत नक्की आलं.

गुळाच्या चहाबद्दल मी फार बोलणार नाही, कारण गावातले निम्मे मतदार तो पितात. गुळातही मुख्यतः साखरच असते, सोबत थोडी खनिजं. पण मधुमेही माणसाला गुळाच्या चहाच्या टपरीवर बघावं. साखरेच्या अर्ध्या कपाला तो चोरासारखा इकडेतिकडे बघायचा. गुळाचे दोन कप तो राजरोस मारतो आणि वर मालकाला 'सेंद्रिय आहे ना?' असं दरडावून विचारतो. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळा, असंही पोषण संस्थेच्या त्या तत्त्वांमध्ये म्हटलं आहे, कारण त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आमच्याकडे एकानं जेवण टाळून चहाची वेळ सांभाळली.

आता बिस्किटाचा पुडा. पुढच्या बाजूला शेत आहे, सूर्य उगवतो आहे, नाचणी-ओट्स-ज्वारीची कणसं डोलताहेत. पुडा उलटा करा आणि चष्मा लावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे, म्हणून खरं काय ते तिथं सापडतं. पहिला मैदा. मग साखर, नाहीतर पाम तेल, दोघांची दुसऱ्या नंबरासाठी झटापट. आणि अगदी खाली, मीठ-सोड्याच्या शेजारी, पुढच्या बाजूचे ते नायक. लग्नपत्रिकेत 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिंटू-पिंकीइतकाच त्यांचा कार्याशी संबंध. नाव छापलंय, खर्चात वाटा नाही.

भाकरीचं मला जरा जास्त वाईट वाटतं. १९९५ साली युतीचं सरकार आलं आणि एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं गावोगाव उभी राहिली. योजनेचं पुढे काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं. कित्येक केंद्रांवर भाकरी जाऊन चायनीजची कढई चढली आणि पाटी तेवढी झुणका-भाकरीची राहिली. भाकरी एका रुपयाला होती तेव्हा ती गरिबाची होती. मग २०२३ च्या अर्थसंकल्पात भरडधान्यांना 'श्रीअन्न' म्हटलं गेलं, जी-२०च्या पाहुण्यांच्या ताटांत ती वाढली गेली, आणि आता कंदील टांगलेल्या, मुद्दाम शेणानं सारवलेल्यासारख्या दिसणाऱ्या हॉटेलात एका भाकरीला जे पैसे पडतात, त्यात त्या केंद्रावर गल्ली जेवली असती. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ सालीच भौगोलिक मानांकन मिळालं आहे. शेतकऱ्याला त्यातलं किती मिळतं, हा प्रश्न मी त्या हॉटेलात विचारला. त्यांनी फिल्टर केलेलं पाणी आणून दिलं.

पण घराघरांत ही भाकरी करतं कोण? डाएट साहेबांचं असतं, थापायला दुसऱ्याचे हात लागतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी जानेवारीत गहू सोडला. पोळ्यांना येणाऱ्या मावशींना ही बातमी वहिनींनी दिली.

'आता साहेबांना ज्वारीच्या भाकऱ्या करायच्या, मावशी. त्यांनी ग्लूटेन सोडलंय.'

'अगं बाई! कधीपासून घेत होते?'

समज-गैरसमज मिटायला पाच मिनिटं गेली. मग मावशी मुद्द्यावर आल्या. पोळी लाटली, टाकली, झाली. भाकरीला पाणी उकळा, उकड मळा, एकेक थापा, तव्यावर पाणी फिरवा, मग विस्तवावर फुगवा. शिवाय परात वेगळी पडते आणि ओट्यावर पीठ होतं. दर वेगळा लागेल. वहिनींनी घासाघीस करून बघितली. मावशी म्हणाल्या, 'आम्ही गावाकडं हेच खाऊन कंटाळलो म्हणून इकडं आलो, ताई. इकडं येऊन पुन्हा तेच थापायचं, तर त्याचे पैसे नकोत का?' या युक्तिवादावर सोसायटीतल्या एकाही वकिलाला उत्तर सुचलेलं नाही. बघता बघता दुसरा मजला भाकरीवर आला, मग पाचवा. मावशींनी प्रत्येक मजल्यावर तोच दर लावला आणि सकाळची दोन पोळ्यांची घरं सोडून दिली.

होळीला पुरणपोळी झाली आणि साहेबांचा निश्चय डळमळला. पुरणपोळीत गहू आहे, पण सण असल्यामुळे तो चालतो, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. दुसऱ्या दिवशी शिळी उरली होती, ती टाकवेना. तिसऱ्या दिवशी डब्यात साधी पोळी गेली. आठवडाभरात दुसरा मजला परतला, पाचवा तर आधीच चोरून खात होता. महिनाअखेरीस वहिनींनी मावशींना सांगितलं की, आता भाकऱ्या बंद, पुन्हा पोळ्याच करा. मावशी 'बरं' म्हणाल्या. पगाराच्या दिवशी हिशेब आला तेव्हा त्यात पोळीला भाकरीचाच दर लागला होता.