हद्द जुळत नाही

प्रत्येक घराण्यात असं एक माणूस असतंच. सिनेमा ऐन रंगात आलेला असतो, नायिका रडत असते, तिच्याबरोबर घरातली अर्धी मंडळी रडत असतात, आणि मागून आवाज येतो, "पण हिला कळवलं कोणी?"

आमच्याकडे हे पद नानांकडे आहे. नाना माझे चुलते, राहणार तळा. उभी हयात भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून गेली. निवृत्तीनंतर साखळी सुटली, मोजायचं काही सुटलं नाही. हल्ली ते गोष्टी मोजतात. कपाळावरचा चष्मा नाकावर आला, कानामागची तांबडी पेन्सिल हातात आली, की समजावं, आता वाक्य येणार : "थांब. इथं हद्द जुळत नाही."

रात्रीच्या मालिकेतली सून एका गणपतीत गरोदर राहिली आणि दुसरे गणपती आले तरी बाळंत झाली नाही, तेव्हा नानांनी कालनिर्णयवर महिन्यागणिक फुल्या मारून ठेवल्या होत्या. नानी म्हणाली, "तिचं ती बघेल, तुम्ही का कळा देताय?" नानांचं म्हणणं एकच, काळ पुढे गेलाय की नाही, एवढं सांगा.

यावरून कोणाला वाटेल की नानांना अद्भुताचं वावडं आहे. अजिबात नाही. ते 'चांदोबा'वर वाढलेले. प्रेत बोलतं याबद्दल त्यांची काही तक्रार नाही, उलट वेताळावर त्यांचा फार जीव. "बोललास तर मी निसटणार, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं. राजाला पळवाट ठेवली आहे का? ह्याला म्हणतात नियम!" कोकणातल्या भुतांविषयीही त्यांचं मत असंच चांगलं. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, हडळीची पावलं उलटी. "मुंजा कधी कलमी आंब्यावर दिसला? नाही ना? आपापली हद्द पाळतात बिचारी. माणसांनी पाळली असती तर आमच्या खात्याला काम उरलं नसतं."

अशा माणसाच्या हाती माझ्या मुलानं मे महिन्याच्या सुट्टीत मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, दिली.

पुस्तक शेवटच्या पानापासून सुरू करायचं आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं, हे कळल्यावर नानी म्हणाली, "जमेल त्यांना. भांडतातसुद्धा असेच, निकाल आधी आणि कारण मागाहून." पहिलं पुस्तक 'फुलमेटल अल्केमिस्ट'. त्यातल्या किमयेचा कायदा असा, की काही मिळवायचं तर त्याच मोलाचं काही द्यावं लागतं. नाना खूश. लिहिणारी हिरोमु अराकावा होक्काइदोतल्या दुधाचा धंदा करणाऱ्या घरात वाढली, हे कळल्यावर तर मान डोलावून म्हणाले, "तरीच. गोठ्यातली पोर आहे. चारा घातल्याशिवाय दूध नाही, हे तिला शिकवावं लागलं नसणार."

मग आलं 'अटॅक ऑन टायटन'. हाजिमे इसायामाची ही गोष्ट २००९ पासून २०२१ पर्यंत चालली, ३४ खंड झाले. मुलगा घावन खाता खाता रंगून सांगत होता : माणसं खाणारे अजस्र राक्षस, त्यांच्या भीतीनं एकात एक अशा तीन गोल भिंतींच्या आत राहणारी उरलीसुरली माणसं, पन्नास पन्नास मीटर उंच भिंती, आणि शंभर वर्षांनी एक दिवस भिंतीवरून डोकावणारं ते भलंमोठं तोंड!

नाना म्हणाले, "राक्षस असतील, त्यांचं काय. भिंतींचा नकाशा आहे का?"

दुर्दैवानं होता. बाहेरच्या भिंतीपासून मधलीपर्यंत १०० किलोमीटर, तिथून आतलीपर्यंत १३०, तिथून मध्यापर्यंत २५०. नानांनी कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलं. त्रिज्या ४८०. नानीनं दोनदा जेवायला हाक मारली.

"थांब. हद्द जुळत नाही. क्षेत्रफळ झालं सव्वासात लाख चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र तीन लाख आठ हजार. म्हणजे ह्यांच्या कुंपणात दोन महाराष्ट्र बसून वर जागा उरते. माणसं किती?"

मुलानं आठवून सांगितलं. बाहेरची भिंत पडल्यावर धान्य पुरेना, म्हणून सरकारनं अडीच लाख निर्वासितांना जमीन परत मिळवायच्या नावाखाली मरायला पाठवलं. ते लोकसंख्येच्या २० टक्के होते.

"म्हणजे एकूण साडेबारा लाख. अरे, आपल्या रायगड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेला सव्वीस लाख माणूस होतं! इथं चौरस किलोमीटरला दोन माणसंही येत नाहीत. बांधावरून भांडायचं तर शेजारी गाठायला एसटी पकडावी लागेल. बाहेरची भिंत पडली तरी आत साडेचार लाख चौरस किलोमीटर शिल्लक, दीड महाराष्ट्र. आणि साडेबारा लाखांना भात पुरत नाही? हे राक्षसांचं काम नाही, हे तलाठ्याचं काम आहे."

"आणि बाहेरच्या भिंतीचा परीघ तीन हजार किलोमीटर. बांधली कोणी?"

मुलानं नाइलाजानं पुढचं रहस्य फोडलं : भिंती राक्षसांच्याच आहेत, आत ओळीनं उभे आहेत.

"हां," नाना शांत झाले. "मग मजुरीचा प्रश्न सुटला."

पोरगं खट्टू झालं होतं. त्यानं सूड म्हणून विचारलं, "नानाआजोबा, तळगडावरून घोसाळगडापर्यंत भुयार आहे असं तुम्ही सांगता. ते मोजलंय का?" नानांनी चष्मा कपाळावर नेला. "ते सरकारी मोजणीत येत नाही." विषय संपला.

पण नानांची खरी जात दुसऱ्या दिवशी कळली. चूक दाखवून मोकळं होणाऱ्यांपैकी ते नव्हेत. कोणा परक्या देशातल्या लेखकाची जमीन वादात पडली म्हणून ते रात्रभर जागे होते. सकाळी पान घेऊन मुलाच्या उशाशी हजर. "एक शून्य जास्त पडलंय रे. नकलेत होतं असं. ४८० चे ४८ कर. क्षेत्रफळ ७,२३८. आपला रायगड जिल्हा ७,१५२! मुलूख जिल्ह्याएवढा, माणसं साडेबारा लाख, बाहेरची भिंत पडली की धान्याची ओढाताण होणारच. गोष्ट एकदम चोख. मध्य मी तळ्यात धरलाय. तो लेखकही डोंगरांनी वेढलेल्या गावात वाढलाय म्हणतोस ना? मग झालं तर!"

मुलगा डोळे चोळत नकाशा बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण नानाआजोबा, त्या भिंतींच्या आत कोणी समुद्र पाहिलेलाच नाही. समुद्र बघायचा म्हणून तर गोष्टीतला आर्मिन तळमळत असतो. तुमची भिंत मुरूडच्या पुढे पाण्यात गेलीय."

घरात शांतता. नानीसुद्धा परातीतून वर बघू लागली. नानांनी मध्य माणगावला नेला, तरी पाणी. आणखी पूर्वेला, तरी खाडी आत येतेच. मुलगा फोनवर नकाशा सरकवत होता. शेवटी म्हणाला, "आता जुळतंय. मध्य घाटावर गेला, पुणे जिल्ह्यात."

नानांनी पानाची घडी घातली आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"मग सव्वासात लाखच राहू देत," ते म्हणाले. "थोडी जागा रिकामी पडली म्हणून कोणाचं काय अडतंय?"