हजारांशाचा हिशेबनीस

रेसच्या सकाळी पिटमध्ये कुणी गाडीखाली उताणा पडलेला दिसला की नव्या माणसाला वाटतं, इंजिनात काहीतरी बिघडलं असणार. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण हौशी रेसरांत एक जमात अशी आहे, जी इंजिनासाठी मेकॅनिक ठेवते, टायरसाठी पोऱ्या ठेवते, आणि लॅप टायमिंगचा ट्रान्सपॉन्डर बसवायला मात्र स्वतः जमिनीवर लोळते. हा गृहस्थ सहसा चाळिशी ओलांडलेला, पुण्या-मुंबईकडे धंद्यात बऱ्यापैकी स्थिरावलेला आणि वर्षातून चार-दोन वेळा कोइम्बतूर नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकवर हजेरी लावणारा असतो. त्याच्या दातांत केबल टाय असतात, कपाळावर टॉर्च असतो, आणि मेझरिंग टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरावं म्हणून एक हात गाडीबाहेर चाचपडत असतो. बंपरच्या टोकापासून ट्रान्सपॉन्डरची डबी किती सेंटिमीटर मागे आहे, हे त्याला मोजायचं असतं. ते अंतर त्याला छळतं. माझं म्हणणं असं, की या माणसाचा वेगाशी संबंध तसा दूरचाच. त्याला हवी असते ती गाडी न चालवता मिळणारी आघाडी. त्याचा पुरावा खुद्द त्या डबीतच आहे.

स्टार्ट-फिनिशच्या रेषेवर डांबरात बारीक चर पाडून तारेचा लूप पुरलेला असतो. ट्रान्सपॉन्डर आपला नंबर अखंड पुटपुटत असतो, आणि गाडी वरून गेली की तो त्या तारेला ऐकू येतो. डबी जवळ येते तसा सिग्नल चढतो, पुढे गेली की उतरतो. त्या चढउतारावरून टायमिंग रूममधला डिकोडर डबी नेमकी केव्हा रेषेवर होती हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत ठरवतो. यंत्राला गाडी दिसत नाही. बॉनेट दिसत नाही, बॉनेटवरची मेहुण्याच्या दुकानाची जाहिरातही दिसत नाही. त्याला कळते ती फक्त डबी. आपल्या गृहस्थाच्या डोक्यात किडा वळवळतो तो इथे. यंत्राच्या लेखी डबी म्हणजेच गाडी असेल, तर डबी पुढे सरकवली की गाडीच पुढे सरकली! गणितही सोयीचं येतं. ताशी १८० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला ५० मीटर कापते, म्हणजे डबी अर्धा मीटर पुढे आणली की रेषा एक शतांश सेकंद आधी गाठली. एवढं उत्तर हाती आलं की त्या रात्री त्याला झोप नाही.

गोम एवढीच, की लॅप म्हणजे रेषा एकदा ओलांडल्यापासून ती पुन्हा ओलांडेपर्यंतचा काळ. डबी नाकावर लावा नाहीतर डिकीत. लॅप सुरू होताना ती जिथे होती तिथेच संपतानाही असते. अर्धा मीटर आधी पोचलेली डबी अर्धा मीटर आधी निघालेलीही असते. तेव्हा प्रॅक्टिस असो की क्वालिफायिंग, फायदा शून्य. हे त्याला समजावून पाहावं. तो शांतपणे ऐकतो, ‘अगदी बरोबर आहे तुमचं,’ म्हणतो, आणि ‘पण असू दे, तोटा तर नाही ना,’ म्हणून डबी पुढच्या बंपरच्या आतच कसतो. हाच माणूस मुख्य सरळ रस्ता संपताना इतरांपेक्षा चांगला वीस मीटर आधी ब्रेक दाबतो. त्या वीस मीटरांबद्दल त्याला कधी काही विचारावंसं वाटत नाही, कारण ते मोजायला टेप चालत नाही, छाती लागते. वजनाचंही तसंच. ब्रॅकेटला स्टीलचे बोल्ट नकोत, अॅल्युमिनियमचे हवेत, असा हट्ट तो हातातला तिसरा मेदूवडा संपवता संपवता धरतो.

यावर रेसिंगचा इतिहास पाठ असलेले लोक म्हणतील, हजारांशाला हसू नका. त्यावर मोठमोठे निकाल लागले आहेत. लागले आहेत हे खरंच. १९९७ साली स्पेनमधल्या हेरेझला फॉर्म्युला वनच्या हंगामातली शेवटची रेस होती. तिच्या क्वालिफायिंगमध्ये जॅक व्हिलनव्ह, मायकेल शूमाकर आणि हाइन्झ-हॅराल्ड फ्रेंट्झेन या तिघांचीही सर्वोत्तम वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद आली. हजारांशापर्यंत तंतोतंत. शेवटी ती वेळ आधी कुणी नोंदवली, या क्रमाने जागा वाटाव्या लागल्या. आपला गृहस्थ हा दाखला देवाच्या साक्षीसारखा देतो. पण ती लॅपची वेळ होती, आणि लॅपच्या वेळेत डबीच्या जागेला काडीची किंमत नाही हे आपण आत्ताच पाहिलं. फ्रेंट्झेनने डबी नाकाच्या शेंड्यावर लावली असती तरी तो तिसराच राहिला असता.

मग तो पवित्रा बदलतो. रेसच्या शेवटी तरी पुढे असलेली डबी आधी पोचणार ना? हो, पोचणार, वादात त्याला मिळणारी ही एकमेव वीतभर जागा. २०२४ च्या मे महिन्यात कॅन्ससला नॅसकारची रेस काइल लार्सनने क्रिस ब्युशरच्या पुढे अवघ्या ०.००१ सेकंदाने जिंकली. ताशी तीनशेच्या आसपास वेग धरला तर ते अंतर आठ सेंटिमीटरच्या घरात जातं. पण इतक्या अटीतटीच्या वेळी माणसं डबीवर विसंबत नाहीत, रेषेवरचा फोटो बघतात, आणि फोटोत दिसतं ते गाडीचं नाक. शिवाय ही पळवाट संयोजकांनाही ठाऊक असते. म्हणून डबी सगळ्यांनी नाकापासून सारख्याच अंतरावर लावावी, असा नियम अनेक ठिकाणी असतो. राहता राहिली आपल्या गृहस्थाची स्वतःची रेस. तिथे त्याच्या पुढच्या गाडीतलं आणि त्याच्यातलं अंतर पूर्ण सेकंदांत मोजतात. डबीने ते भरून काढायचं तर ती त्याच्या गाडीपुढे शे-दोनशे मीटरवर लावावी लागेल.

एक आक्षेप मात्र मानलाच पाहिजे: डबी नीट बसवणं हे खरोखरच महत्त्वाचं काम आहे. तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये पत्रा आला तर सिग्नल अडतो. कार्बन फायबरचंही तेच, ते दिसायला कितीही महागडं असलं तरी. डबी जमिनीपासून साठ सेंटिमीटरच्या आत हवी, सांगितलेल्या बाजूनेच उभी हवी, एक्झॉस्टच्या धगीपासून लांब हवी. बॅटरीची असेल तर आदल्या रात्री चार्ज केलेली हवी, आणि खाचेत सरकवल्यावर तिची पिन विसरता कामा नये. नाहीतर पहिल्याच कर्बवर ती गाडीचा निरोप घेते आणि कागदोपत्री तुम्ही रेसमध्ये नसताच. सगळ्या पिटमध्ये हे कुणाला तोंडपाठ असेल तर ते आपल्या गृहस्थालाच. गंमत अशी, की ही डबी त्याच्या बाबतीत प्रामाणिकपणे चालते आणि तेच त्याचं दुखणं होऊन बसतं. रिझल्टचा कागद चिकटवला की तो आधी टायमिंग रूम गाठतो. ‘साहेब, एक लॅप चुकून लांबलेला दिसतोय.’ सिग्नल चांगला होता, असं टायमिंगवाला सांगतो. तेव्हा तो खिशातून फोन काढतो, कारण अॅपने त्याला पाऊण सेकंद कमी दाखवलेला असतो. बहुतेक फोनचा जीपीएस सेकंदाला एकदाच गाडीची जागा सांगतो, आणि तीही दोन-चार मीटर इकडे-तिकडे. तेवढ्या वेळात गाडी पन्नास मीटर पुढे गेलेली असते. पण जो आकडा आपल्या बाजूने बोलतो त्याची उलटतपासणी कशाला करायची? बँकेच्या पासबुकात चुकून जास्त पैसे दिसले तर हाच गृहस्थ तासाभरात मॅनेजरसमोर उभा राहील, इतका तो सरळ आहे. त्याची सचोटी फक्त दशांशचिन्हाच्या उजवीकडे डळमळते.

असा माणूस ट्रॅकवर नसावा, असं कुणी म्हणेल तर मी या गृहस्थाची बाजू घेईन. कोल्हापूरला कार्टिंग करून आलेलं एखादं विशीतलं पोर पहिल्यांदाच मोठी गाडी घेऊन येतं. टायमिंग रूममधून निरोप येतो, की तुमचा नंबर रीडच होत नाहीये. पोर घाबरतं, मेकॅनिक वायर ओढून बघतो. अशा वेळी हा काका ड्रिल घेऊन हजर. स्वतःचं सेशन दहा मिनिटांवर आलेलं असताना तो त्या परक्या गाडीखाली शिरतो, डबीखालचा पत्रा बोटाने वाजवून दाखवतो, त्याला भोक पाडतो, डबी सरळ करतो, पिन लावतो, वर आणखी दोन केबल टाय आवळतो आणि एक पैसा न घेता अंगावरची धूळ झटकत उठतो. पोर बाहेर पडतं, आणि तिसऱ्याच लॅपला काकांच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम वेळेपेक्षा दोन सेकंद जलद फिरतं. पडद्यावर ते बघताना काकांच्या चेहऱ्यावर असूया नसते. असते ती थोडी अपराधी भावना. पोर आभार मानायला येतं, तेव्हा ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच सांगतात, ‘कुणाला बोलू नकोस बाळा, पण तुझी डबी माझ्याकडून जरा जास्तच पुढे लागली.’