उभा पडदा, आडवी भिंत

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची गोष्ट पाचव्या शतकापासून चालू आहे. दानशूरपणा, वनवास, पोटच्या मुलांचंही दान, मालमसाला भरपूर. अडचण एवढीच, की ती भिंतभर आडवी पसरली आहे आणि आजची पोरं ९:१६च्या उभ्या चौकटीत वाढली आहेत. भिंत काही अंगठ्यानं वर सरकत नाही (तिला हात लावायची मनाई आहे, हे बरंच). शिवाय एकच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हापुन्हा दिसतो. ‘पप्पा, हा हँग झालाय का?’

पप्पा उसासा टाकतात : मुलांना चांगल्या सिनेमाची गोडीच राहिली नाही. हेच पप्पा व्हीसीआरच्या जमान्यातले. एका रात्रीच्या भाड्यात तीन सिनेमे उरकायचे म्हणून गाणी पळवत आणि मारामाऱ्या मागे नेऊन पुन्हा बघत त्यांची अभिरुची घडली. आजोबांची घडली जत्रेतल्या तंबूत, रीळ बदलेपर्यंत शिट्ट्या मारत. त्याआधी, १९१९ साली, फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’मध्ये स्वतःच्या लेकीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं, तेव्हा तर पडदा मुकाच होता.

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मात्र पोरांना पटतो. उभ्या चौकटीत नेमका बसतो ना! फ्लॅशला बंदी, म्हणून जरा काळसर येतो. त्याला फिल्टर आहे. परतीच्या बसमध्ये पप्पांनी विश्वंतराचं पुढं काय झालं ते मोबाइलवर शोधलं. व्हिडिओ चार मिनिटांचा निघाला. दुप्पट वेगानं पाहिला.